‘गॅस संपलाय’ म्हणजे नेमकं काय? धायरीतली एसी दुरुस्ती आणि न लिहिलेला व्यवहार

धायरी : होळी झाली की धायरी फाट्यापासून रायकर मळ्यापर्यंतच्या सोसायट्यांत एकच विचारणा सुरू होते, ‘एसीवाला कुणी ओळखीचा आहे का?’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन-तीन नंबर येतात. त्यातला एक लागतो. संध्याकाळी दुचाकीवर दोन पोरं येतात. एकाच्या पाठीवर हत्यारांची बॅग, दुसऱ्याच्या मांडीवर गॅसचा छोटा सिलिंडर. बाहेरच्या युनिटला गेज लावला जातो आणि मिनिटभरात निदान होतं, ‘गॅस संपलाय काका, भरावा लागेल.’

गॅस भरला जातो. थंड हवा येते. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले जातात. पावती कुणी मागत नाही, कुणी देतही नाही. महिनाभरात खोली पुन्हा तापायला लागते. फोन केला की उत्तर येतं, ‘तेव्हाचं काम ओके होतं, आता दुसरा फॉल्ट आहे.’ इथून वाद सुरू होतो. आणि वाद मिटवायला दोघांच्याही हातात काहीच नसतं. काय बिघडलं होतं, काय केलं, किती गॅस भरला, किती दिवसांची हमी दिली, यातलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नसतं.

अशा वेळी ग्राहक म्हणतो, कारागीर फसवे. कारागीर म्हणतो, गिऱ्हाईक चिकट. दोघांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असेलही. पण खरी अडचण तिसरीच आहे. हजारो रुपयांचं काम आजही तोंडी चालतं. आता एसी खेड्यातल्या बंगल्यांत, दवाखान्यांत, मोबाइलच्या दुकानांतही दिसायला लागला आहे. त्यामुळे धायरीतली ही अडचण उद्या भोर, मुळशी, पुरंदरच्या गावांतही येणार, हे धरून चालायला हवं.

गाव मोठं झालं, ओळख मागे राहिली

धायरी हे मूळचं हवेली तालुक्यातलं गाव. धारेश्वराचं देऊळ, मळे, वस्त्या आणि सिंहगडाकडे जाणारा रस्ता. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावं घेतली गेली, त्यात धायरीचा उरलेला भागही होता. पुढे जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली, त्यात शेजारचं नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला हेही होते. मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेली हजारो कुटुंबं इथे राहायला आली.

गाव होतं तेव्हा सुतार, गवंडी, वायरमन ओळखीचा असायचा. काम बिघडलं तर त्याचं घर ठाऊक असायचं. पारावर दोन माणसांत विषय निघाला की तो दुसऱ्या दिवशी हजर. ती ओळख हीच हमी होती, म्हणून कागदाची गरज पडत नव्हती. आता नंबर ग्रुपवरून मिळतो, माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, पुढच्या हंगामात तो हडपसरला असतो किंवा वाघोलीला. ओळख गेली, पण तोंडी व्यवहाराची सवय मात्र तशीच राहिली. धायरीतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

गॅस ‘संपत’ नाही

एसीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज गॅसचा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. गाडीतलं पेट्रोलही तसंच. एसीतला गॅस मात्र जळत नाही. तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो, परत येतो. नळी, सांधा आणि कॉइल धड असतील तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो.

म्हणून गॅस खरंच कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. गाडी चार दिवस चालेल, पाचव्या दिवशी परत खाली बसेल. दरवर्षी उन्हाळ्यात ‘गॅस भरून घ्यावाच लागतो’ असं सांगितलं जात असेल तर तिथे थांबून एकच प्रश्न विचारावा, ‘गळती कुठे आहे?’

गळती बऱ्याचदा नळ्यांच्या नटापाशी, म्हणजे फ्लेअर जॉइंटला असते. तिथे तेलाचा ओशट डाग दिसतो. कधी कॉइलला बारीक छिद्र पडलेलं असतं. सांडपाण्याच्या उघड्या नाल्याजवळच्या घरांत तिथल्या वायूंमुळे तांब्याची कॉइल लवकर खराब होते. नीट काम करणारा कारागीर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहतो किंवा नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासतो. या तपासणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरायचा नसतो. आतल्या तेलाशी त्याचा संबंध आला तर स्फोट होऊ शकतो.

गळती बंद झाली की व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल बाहेर काढावी लागते. मगच गॅस भरायचा, आणि तोही वजन करून. प्रत्येक एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक पाटी असते. त्यावर कोणता गॅस आणि किती वजनाचा, हे छापलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडायचा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे फक्त गेजवरचा काटा पाहून गॅस पुरेसा झाला की नाही हे नक्की सांगता येत नाही. काटा आणि व्हॅक्यूम पंप यांच्याशिवाय झालेलं ‘फुल गॅस चार्जिंग’ हे अर्धंच काम आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. थंडावा कमी झाला म्हणजे गॅसच गेला असं नाही. आतली जाळी धुळीने बसलेली असते. धायरी, नऱ्हे, वडगाव परिसरात बांधकामं सतत चालू असल्याने बाहेरच्या कॉइलवर धुळीचा थर बसतो. बाहेरचा पंखा फिरत नसेल तर बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. तो काही शे रुपयांत मिळणारा भाग आहे. पाइपवर बर्फ दिसला की लगेच ‘गॅस कमी’ असं म्हटलं जातं, पण तुंबलेल्या जाळीनेही बर्फ धरतो. आधी जाळी धुणं, मग कॉइल साफ करणं, मग वीज आणि कपॅसिटर तपासणं आणि शेवटी गॅस. हा क्रम उलटा झाला की खर्च वाढतो.

जुना एसी गावी नेताना

शहरात नवा एसी घेतला की जुना गावच्या घरी पाठवायचा किंवा कमी पैशांत विकायचा, ही पद्धत आता रुळली आहे. इथे एक गोष्ट पाहून घ्यायला हवी. जुन्या एसींमध्ये आर-२२ नावाचा गॅस असायचा. ओझोनच्या थराला त्याने इजा होते. मॉन्ट्रियल करारानुसार जगभर तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात नवीन उपकरणं बनवताना या जातीचे गॅस वापरणं २०२४ अखेर थांबवण्याचं ठरलं होतं आणि २०३० पर्यंत त्यांचा वापर जवळपास संपवायचा आहे. म्हणजे जुना एसी फुकट मिळाला तरी त्याचा गॅस पुढे मिळायला अवघड आणि महाग होत जाणार.

नव्या एसींमध्ये बहुतेक ठिकाणी आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण थोडाफार पेट घेऊ शकतो. काही एसींमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर स्वयंपाकाच्या गॅससारखाच झटकन पेटतो. म्हणून ज्या मशिनवर जो गॅस लिहिला आहे तोच भरायला हवा. ‘हा पण चालतो, स्वस्तात पडेल’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणावं. आणि नळ्यांना जाळ लावून जोडकाम करण्याआधी आतला गॅस नीट काढून घेतला आहे का, खिडक्या उघड्या आहेत का, हे घरातल्या माणसानेही पाहावं. काढलेला गॅस हवेत सोडून देणंही बरं नाही. आर-३२ हा वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट तापमान वाढवतो. ज्या उकाड्यावर उपाय म्हणून एसी लावला, तोच उकाडा त्याने वाढतो.

पावती म्हणजे जीएसटी नव्हे

‘बिल हवं का? मग १८ टक्के जास्त पडतील.’ हे वाक्य ऐकलं की बहुतेक ग्राहक ‘राहू दे’ म्हणतात. इथे समजुतीचा घोटाळा आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. ज्याची नोंदणीच नाही, त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताही येत नाही. दोन पोरांना घेऊन काम करणारा छोटा ठेकेदार साध्या पावती पुस्तकावर बिल देऊ शकतो, त्यात कराचा एक रुपयाही येत नाही. ज्याची नोंदणी आहे त्याने १८ टक्के कर लावला तर त्याचा जीएसटी नंबर बिलावर असायलाच हवा.

कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू विकल्यावर किंवा सेवा दिल्यावर बिल अथवा पावती न देणं, हे या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलं आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच आहे, मग ती मोठ्या कंपनीने केलेली असो की ओळखीच्या कारागिराने.

काम बिघडलं आणि समोरचा दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती मोबाइलवरही करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ग्राहक चळवळीचं एक मोठं पाऊल पुण्यातच पडलं होतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथे ग्राहक पंचायत सुरू केली, आणि देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ मध्ये आला. कायदा असा हाताशी आहे, पण आयोगासमोर पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. पैसे गेल्याची ऑनलाइन नोंद असते. ते कशासाठी गेले, हे सांगणारा कागद नसतो.

नेटवरचा नंबर जपून

एसी बंद पडला की अनेक जण मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ टाकून शोधतात. समोर येणारा पहिला नंबर कंपनीचाच असेल असं नाही. खोटे नंबर टाकून बसलेले भामटे फोन उचलतात, ‘नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतात किंवा एखादं ॲप घ्यायला लावतात. त्यातून खातं रिकामं होतं. कंपनीचा नंबर एसीच्या वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

वॉरंटीचंही तसंच. बऱ्याच कंपन्या पूर्ण मशिनवर एक वर्ष आणि कॉम्प्रेसरवर त्याहून कितीतरी जास्त वर्षांची वॉरंटी देतात. ती चालू असताना बाहेरच्या माणसाने मशिन उघडलं तर पुढे कंपनी हात वर करू शकते. म्हणून स्थानिक कारागिराला बोलावण्याआधी खरेदीचं बिल काढून तारीख पाहणं हे पहिलं काम.

कारागिराचीही बाजू आहे

या धंद्यात फसवणारे आहेत, तसे घाम गाळणारेही आहेत आणि तेच जास्त आहेत. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पण हंगामात कामाला येणारी बरीच पोरं उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकलेली असतात. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये कूलिंग ॲक्शन प्लॅन जाहीर केला, तेव्हा एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. कामाचं महत्त्व सरकारी कागदावर तरी मान्य झालं आहे.

प्रत्यक्षात कमाई मार्च ते जूनपर्यंत. पावसाळा लागला की फोन थंडावतो. नवव्या-दहाव्या मजल्यावर बाहेरचं युनिट अशा जागी टांगलेलं असतं की पाय ठेवायला सज्जाही नसतो. कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. एक हात ग्रिलला, एका हातात पाना. काही घरांत अशा वेळी वरून ‘लवकर आटपा’ असं ऐकवलं जातं. पडला तर घर उघड्यावर येतं, आणि ते घर बऱ्याचदा एखाद्या खेड्यात असतं.

पैशाचीही कटकट असते. ‘आधी चालू करून दाखव, मग बघू’ म्हणणारे, काम झाल्यावर दोनशे कमी देणारे, आणि दोन महिन्यांनी वीज वर-खाली होऊन कार्ड जळलं तरी ‘तूच हात लावला होतास’ म्हणणारे ग्राहक कमी नाहीत. अशा वेळी लिहिलेली पावती कारागिरालाच वाचवते. कपॅसिटर बदलला, गॅसला हात लावला नाही, असं तिच्यावर असेल तर गॅसचं खापर त्याच्यावर फुटत नाही.

गावाकडच्या घरच्यांनी एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं असलं की पुरे. मुलगा पुण्यात उंचावर चढून काम करत असेल तर त्याच्या खात्यातून हे २० रुपये कापले जातात की नाही, हे एकदा विचारून घ्यावं. सोसायट्यांनीही एक पट्टा आणि दोर घेऊन ठेवला आणि तो बांधल्याशिवाय कुणालाही बाहेर उतरू द्यायचं नाही असा नियम केला, तर खर्च फार नाही.

बोलावण्याआधी आणि पैसे देण्याआधी

• जाळी स्वतः काढून पाण्याने धुवा, रिमोटचे सेल बदलून पाहा, एमसीबी पडला आहे का बघा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच काम भागतं.

• फोनवरच विचारा : येऊन पाहण्याचे किती, आणि काम दिलं तर ते पैसे वजा होणार का?

• ‘गॅस कमी आहे’ म्हटलं तर गळती दाखवायला सांगा. व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणला आहे का, ते पाहा.

• बदललेला जुना भाग परत मागून घ्या. नव्याचं खोकं आणि त्यावरची किंमत पाहा.

• मशिन किंवा कार्ड दुकानात न्यायचं म्हटलं तर त्यावरचा नंबर दिसेल असा फोटो काढा आणि ‘नेलं’ असं लिहून घ्या.

• गावात वीज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग आधी, दुरुस्ती नंतर. एसीला स्वतंत्र वायर आणि एमसीबी हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको.

• काम झाल्यावर निदान अर्धा तास मशिन चालवून बघा, मगच पूर्ण पैसे द्या. आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या.

पाच ओळींची चिठ्ठी

पावती पुस्तक नसेल तरी अडत नाही. साध्या कागदावर पाच ओळी पुरतात : तारीख आणि कारागिराचं नाव-नंबर, काय बिघडलं होतं, काय केलं आणि कोणता भाग बदलला, गॅस भरला असेल तर कोणता, किती ग्रॅम आणि गळती कुठे होती, घेतलेली रक्कम आणि किती दिवसांची हमी. खाली दोघांच्या सह्या. तेही नको असेल तर हाच मजकूर कारागिराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्याच्याकडून ‘बरोबर’ असं उत्तर घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

जो कारागीर हे लिहून द्यायला तयार होतो, त्याचा नंबर जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच त्याला बोलवावं. हंगाम सुरू होण्याआधी त्याला वेळ असतो, काम घाईत होत नाही. त्यालाही ठरावीक घरं मिळाली तर दरवर्षी नव्याने गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. धायरी गाव होतं तेव्हा कारागिराचं घर सगळ्यांना ठाऊक असायचं. आता निदान त्याने काय काम केलं ते कागदावर असावं.